खांबाच्या बुडाशी

सोलापूरच्या माणसाला पाणी अडवायला शिकवावं लागत नाही. वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही त्याच्या मर्जीनं. त्यामुळे बांध, ताल, शेततळं हे शब्द इथल्या पोरांच्या कानांवर पाढ्यांच्या आधी पडतात. शहराच्या मधोमध सिद्धेश्वर तलाव, परंपरा सांगते की बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून खोदलेला. तुळजापूर रस्त्याला लागलं की हिप्परग्याचा तलाव, आणि तिकडे माढ्याच्या बाजूला उजनीचं अफाट पाणी. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा आमच्याकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलेली असते. रंग उडाला तरी ती पाठ असते. आलेलं पाणी वेळेवर घालवून द्यावं, ही गोष्ट मात्र आम्हांला कुणी शिकवत नाही. आणि समुद्र तर हवाई अंतर मोजलं तरी अडीचशे किलोमीटरहून लांब.

असं असताना डोलकाठीच्या बुडाला लागणाऱ्या कुजीबद्दल मला काय कळणार? पण कळलं, ते आजोळच्या खांबामुळे.

उत्तर कसब्यातलं आमचं आजोळ जुन्या धाटणीचं. जाड दगडी भिंती, मध्ये उघडा चौक, चौकाभोवती सोपा आणि वर माळवद. माळवद म्हणजे खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचन आणि सगळ्यांच्या डोक्यावर पांढऱ्या मातीचा हातभर जाड थर. मृग लागायच्या आधी या थरावर चोपण माती पसरत. शेतकऱ्याच्या लेखी ही माती कुचकामाची, कारण तिच्यात सोडियमचे क्षार भरलेले असतात आणि पाणी पडलं की तिचे कण विस्कटून सगळी बारीक छिद्रं बुजवून टाकतात. शेतात जो शाप, तोच छपरावर वरदान. तरी कुठंतरी गळायचंच. गळालेलं पाणी कडीवरून तुळईवर आणि तुळईवरून खांबावर उतरायचं, आणि मग खांबाच्या अंगानं खाली, थेट बुडापर्यंत.

ज्यांनी ते घर बांधलं त्यांना हे ठाऊक होतं. म्हणून प्रत्येक सागवानी खांब घडीव तळखड्यावर उभा आहे, आणि तळखडा जमिनीच्या वर चांगला वीतभर उचललेला आहे. सारवण, सडा, चौकातून उडणारे पावसाचे शिंतोडे यांपैकी काहीही लाकडापर्यंत पोचू नये, इतका. आणखी एक कसब मला फार उशिरा दिसलं. सुताराच्या नेहमीच्या रीतीप्रमाणे लाकडाला कुसू ठेवून दगडाला खळगा पाडता आला असता. आमच्याकडे उलट केलं आहे. दगडालाच वर बुटका खुंट कोरलेला आणि खांबाच्या पोटात त्याला बसेल अशी खाच. दगडात खळगा असता तर त्यात पाणी साठलं असतं. खुंटावरून ते ओघळून जातं. कुण्या पाथरवटानं हा विचार केला असेल, त्याचं नाव घरात कुणाला माहीत नाही.

पुढं घर सुधारलं. सारवणाची जमीन गेली, शहाबादी फरशी आली. शहाबाद आम्हांला जवळ, त्यामुळे ती फरशी सोलापुरात घरोघरी. मग काही वर्षांनी फरशीवरच टाइल्स बसल्या, कारण फरशी उखडायचा खर्च वाचतो. जमीन दोनदा वर चढली आणि तळखडे दिसेनासे झाले. लाकूड थेट फरशीला टेकल्यासारखं दिसायला लागलं. गवंड्यानं नीटनेटकेपणा म्हणून, आणि फरशी धुताना पाणी आत जाऊ नये म्हणून, प्रत्येक खांबाभोवती सिमेंटचं कडं फिरवलं. वरून मामांनी खांबांना चकचकीत ऑइलपेंट दिला. घर आलेल्या-गेलेल्यांना आवडायचं.

मग माजघराचं दार घासायला लागलं.

दार घासलं की आपण रंधा मारतो. आमच्याकडेही मारला. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा घासलं. तेव्हा जुन्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी दाराकडे बघितलंसुद्धा नाही. वर तुळईकडे बघितलं, मग खांबापाशी उकिडवे बसले, वाकसाच्या दांड्यानं खालपासून वर ठोकत गेले. वर टणटण, खाली बद्द. पटाशी लावली तर रंगाचा पापुद्रा फुटून ती निम्म्याहून जास्त आत गेली. “पाणी येतंयच की ओ,” ते म्हणाले, “जायला वाट कुठं ठेवलाव?”

लाकूड पाण्यानं कुजतं असं आपण सरसकट म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. लाकूड खाते ती बुरशी, आणि तिच्या मागण्या ठरलेल्या आहेत : लाकडात ओल, थोडी हवा, थोडी ऊब. ओल वीस टक्क्यांखाली असेल तर बुरशी हात लावत नाही. अठ्ठावीस-तीस टक्क्यांच्या पुढं गेली की तिची चैन. पण लाकूड पूर्ण बुडालं तर हवा मिळत नाही आणि बुरशी तिथंही उपाशी राहते. म्हणून विहिरीच्या तळाशी घातलेलं लाकूड पिढ्यान्‌पिढ्या टिकतं आणि माळ्यावरचं कोरडं लाकूडही टिकतं. मरण असतं ते मधल्या जागी, जिथं ओल येते, थोडी सुकते, पुन्हा येते आणि कधीच पूर्ण जात नाही. त्यात खांबाचं बूड म्हणजे लाकडाचं आडवं कापलेलं तोंड. झाड उभं असताना ज्या नळ्यांतून पाणी वर चढत होतं त्यांची तोंडं इथं उघडी असतात. फळीच्या अंगातून जितकं पाणी शिरतं, त्याच्या कितीतरी पट ते या तोंडातून वर चढतं. सिमेंटच्या कड्यानं बाहेरचं पाणी थोडंफार अडवलं असेल, पण माळवदावरून उतरलेलं पाणी त्या कड्यानं पेल्यासारखं झेललं आणि धरून ठेवलं. ऑइलपेंटनं लाकडाला अंगातूनही सुकू दिलं नाही.

त्याच पावसाळ्यात माझ्या आतेभावाचा गोव्याहून फोन आला. दादा नौदलातून निवृत्त झाला आणि त्यानं तिथंच एक जुनी छोटी शिडाची बोट घेतली. निवृत्तीनंतर माणसं बाग करतात, हा बोट दुरुस्त करतो; समुद्रावर किती जातो ते वहिनी जास्त चांगलं सांगतील. “काय रे, केबिनचं दार घासायला लागलंय,” तो म्हणाला. मी हसलो, आणि त्याला राग आला.

दादाच्या बोटीची डोलकाठी थेट पठाणावर, म्हणजे बोटीच्या तळाच्या कण्यावर, उभी नाही. जुन्या लाकडी गलबतांत डोलकाठी तख्त्याला, म्हणजे डेकला, पाडलेल्या भोकातून खाली उतरते आणि तिचं बूड पठाणावरच्या जाड लाकडातल्या खाचेत बसतं. हल्लीच्या बऱ्याच लहान बोटींत ती तख्त्यावरच उभी करतात. खाली केबिनमध्ये एक आधाराचा खांब किंवा भक्कम आडभिंत तिचा भार पठाणाकडे नेते. तख्त्या फायबरच्या दोन पातळ थरांची, मध्ये वजनाला हलकं म्हणून प्लायवूड किंवा बाल्सा लाकूड. डोलकाठीच्या बुडाखाली धातूची एक बैठक, आणि ती बैठक तख्त्याला स्क्रूंनी आवळलेली. खोट आहे ती याच स्क्रूंच्या भोकांत. भोक पाडताना वरचा फायबर फुटला, आतलं लाकूड उघडं पडलं. भोकात भरलेलं सील पाच-दहा वर्षांत कडक होऊन सुटलं. पोकळ ॲल्युमिनियमच्या काठीत दोऱ्यांसाठी, दिव्याच्या वायरीसाठी वरपर्यंत चिरा असतात. गोव्याचा पाऊस आमच्या पाच-सहा पट. तो त्या चिरांतून आत शिरतो, काठीच्या पोटातून खाली येतो आणि बैठकीत तुंबतो. मग स्क्रूच्या कडेनं एकेक थेंब लाकडात.

वरून काही दिसत नाही. फायबर चकचकीत असतो. आतलं लाकूड चहात बुडवून विसरलेल्या खारीसारखं झालेलं असतं.

आणि भार तर तिथंच असतो. डोलकाठीचं स्वतःचं वजन फार नसतं, पण तिला चहूबाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा तिला सतत खाली दाबतात, आणि वारा शिडात भरला की हा दाब काठीच्या वजनाच्या कितीतरी पट होतो. सोलापूरकरांना उभी काठी नवी नाही. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा करतात, आणि बाराबंदी घातलेला मानकरी तो उंच वेळू पेलत चालतो. पण त्या काठीला तारा नसतात. तिचा तोल माणूस सांभाळतो, पायाखालचा रस्ता बदलला की तोही बदलतो. बोटीच्या काठीखाली माणूस नसतो, प्लायवूड असतं. ते मऊ झालं की काठी हळूहळू खाली बसते, तारा ढिल्या पडतात. मालक तारा आवळतो, काठी आणखी खाली बसते. तख्त्या थोडी वाकते, आणि तिच्याखालच्या केबिनच्या दाराची चौकट तिरकी होते. दादानं आधी तारा आवळल्या होत्या, मग दाराला रंधा मारला होता. सोलापूरपेक्षा वेगळं काही केलं नव्हतं.

या प्रकरणात मुंबईची एक बोट मला सारखी आठवत राहिली. १९६८-६९मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज खलाशानं एकट्यानं, कुठंही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारा तो पहिला माणूस. त्याची बत्तीस फुटी ‘सुहेली’ कुलाब्यात बांधलेली होती, सागाची, मुंबईच्या सुतारांनी वाकसानं तासून आणि हातानं भोकं पाडून. डिसेंबर १९६४मध्ये नारळ फोडून ती पाण्यात उतरली. १४ जून १९६८ला तो फाल्मथहून निघाला आणि थोड्याच आठवड्यांत बोटीत पाणी यायला लागलं. अटलांटिकच्या मध्यात त्यानं पाण्याखाली उतरून पाहिलं, तर मोठ्या डोलकाठीपाशी, पठाणाच्या थोडं वर, दोन्ही बाजूंना फळ्यांमधला सांधा उघडत होता. बोट डोलली की फट उघडायची आणि मिटायची. त्यानं काय केलं? कापूस वळून फटीत ठासला. एका श्वासात जमेल तेवढं, मग वर, मग पुन्हा खाली. त्यावर कॅनव्हासची पट्टी आणि तांब्याचे खिळे, आणि शेवटी तांब्याचा पत्रा. मध्ये एक शार्क आला, त्याला बंदुकीनं उडवावं लागलं. २२ एप्रिल १९६९ला, ३१२ दिवसांनी, ‘सुहेली’ फाल्मथला परतली. सूतगिरण्यांच्या गावात वाढलेल्या माझ्यासारख्याला पृथ्वीप्रदक्षिणेत कापसाचा पिळा कामाला आला याचं थोडं उगाचच बरं वाटतं.

हीच ‘सुहेली’ पुढं गोव्यात पुन्हा एकदा बांधली गेली. एकट्यानं, न थांबता जग फिरण्याच्या २०१८च्या गोल्डन ग्लोब शर्यतीसाठी खलाशी अभिलाष टॉमींची ‘थुरिया’ तिची प्रतिकृती म्हणून तयार झाली. दिलीप दोंदे ज्या ‘म्हादेई’तून २००९-१०मध्ये एकट्यानं जग फिरून आले तीसुद्धा गोव्याचीच, रत्नाकर दांडेकरांच्या गोदीतली. ‘थुरिया’ची डोलकाठी दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळानं मोडली, त्यात कुजीचा काही संबंध नाही. वादळात मोडलेल्या काठीची बातमी होते. बुडाशी कुजलेल्या काठीची होत नाही, ती मालक परस्पर निस्तरतो.

खाऱ्या पाण्याचं बोटींना तसं भय कमीच. पोखरणारे किडे सोडले तर समुद्राचं मीठ लाकडाला राखतं; कित्येक जुने जहाजबांधणीवाले फासळ्यांच्या मधल्या पोकळीत मीठ भरून ठेवायचे. बोटीला कुजवतं ते आभाळाचं गोडं पाणी. आमची चोपण माती आणि त्यांचं मीठ यांचं काम वेगवेगळं, एक पाणी आत येऊ देत नाही आणि दुसरं बुरशीला नकोसं असतं. पण दोन्हीकडे शत्रू पाऊसच. आणि कोंडलेली हवा. इंग्लंडच्या आरमाराचा कारभार पाहणाऱ्या सॅम्युएल पीप्सनं १६८४च्या सुमाराला नव्या जहाजांच्या तळात मुठीएवढ्या अळिंब्या उगवलेल्या पाहिल्या आणि त्या हातानं तोडल्या. जहाजं नुसती उभी करून ठेवली होती आणि तळाला वारा लागू दिला नव्हता. आपल्याकडे रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या तख्त्यांना आणि डोलकाठ्यांना थोर लाकूड लागतं म्हणून सागवान जपून, परवानगीनंच तोडावं, अशी ताकीद आहे. ती वाचताना मला नेहमी वाटतं, लाकूड मिळवण्याची काळजी राज्यकर्ते करतात. ते टिकवण्याची काळजी एखाद्या सुतारावर सोपवलेली असते आणि ती कुणी लिहून ठेवत नाही.

लंडनमध्ये टेम्सच्या गाळात १९६२ साली एका रोमन जहाजाचे अवशेष मिळाले. त्याच्या डोलकाठीच्या खाचेत, अगदी बुडाखाली, सम्राट डोमिशियनचं एक नाणं होतं, आणि त्याची भाग्यदेवतेची बाजू वर, काठीकडे केलेली. आपल्याकडेही खांब रोवताना खाली सुपारी, हळकुंड, पैसा ठेवतातच. म्हणून मिस्त्रींनी आमचा खांब उचलला तेव्हा घरातली सगळी पोरंटोरं वाकून बघत होती. खाली काही निघालं नाही. ओला भुगा, मुंग्या आणि सिमेंटचं एक कडं.

खांब उचलणं म्हणजे माळवद उचलणं. दोन्ही बाजूंना तुळईला धिरे दिले, खाली जॅक लावले आणि अगदी सावकाश, एकेक पीळ देत, भार खांबावरून काढून घेतला. माळवदाला किल्लारीच्या भूकंपापासून लोक वचकून असतात. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेनंतर आमच्या भागात कित्येक चांगली माळवदं केवळ धास्तीनं उतरवली गेली. त्यामुळे जॅकचा प्रत्येक पीळ मामी देवघरातून मोजत होत्या. कुजलेला भाग हातभर निघाला. मिस्त्रींनी चांगलं लाकूड लागेपर्यंत कापलं, आणि त्याच्याही पुढं आणखी चार बोटं, कारण बुरशीचे धागे डोळ्याला दिसतात त्याच्या पुढं गेलेले असतात. खाली नवं लाकूड जोडायचं नाही असं त्यांनीच ठरवलं. जुन्या तळखड्यावर दुसरा दगड चढवला, तसाच वर खुंट असलेला, आणि तो नव्या फरशीच्या वर वीतभर आला. खांब तेवढा तोकडा झाला, दगड तेवढा उंच. कापलेल्या तोंडाला गरम जवसाचं तेल ते पीत नाही तोवर पाजलं. ऑइलपेंट खरवडून काढला. सिमेंटचं कडं फोडलं, त्या जागी अंगठ्याएवढी फट उघडी ठेवली.

दादाचं कामही याच रीतीनं झालं, फक्त त्याची सामग्री महाग. क्रेननं काठी उतरवली. तख्त्या लाकडी हातोडीनं ठोकून कुठवर बद्द वाजते ते पेन्सिलीनं आखलं. आखलेली रेषा त्याच्या अंदाजाच्या दुप्पट निघाली. वरचा फायबर कापून झाकणासारखा उचलला, मधलं लाकूड खरवडून काढलं, उघडी जागा सुकू दिली. त्यानं त्यात घाई केली नाही याचं श्रेय मी घेतो, कारण ओलं लाकूड आत ठेवून वरून इपॉक्सी ओतणं म्हणजे आमच्या गवंड्याचं सिमेंटचं कडंच. काठीखालच्या जागी मऊ बाल्साऐवजी दाब सोसेल असा घट्ट लॅमिनेट भरला. स्क्रूची भोकं मोठी पाडून इपॉक्सीनं भरली आणि त्या इपॉक्सीतच पुन्हा लहान भोकं पाडली, म्हणजे पुढं सील सुटलं तरी पाणी लाकडाला शिवणार नाही. बैठक तख्त्यापासून बोटभर उचलली.

हल्ली दुकानात भिंतीच्या भेगेपासून संडासाच्या कोपऱ्यापर्यंत सगळ्याला एकच औषध मिळतं : सील करा. सिलिकॉन भरा, वॉटरप्रूफ करा, दहा वर्षांची गॅरंटी. ही औषधं खोटी नाहीत. पण गॅरंटीत पाणी आत येणार नाही एवढंच लिहिलेलं असतं. आलं तर बाहेर कसं जाईल याची ओळ मी तरी कुठल्या डब्यावर वाचलेली नाही. कड्यापेक्षा फट बरी हे पटायला आमच्या घरालाही वेळ लागला. मामेभावाला ती फट अजून पटलेली नाही. तिच्यात झुरळं जातात, असं त्याचं म्हणणं, आणि ते खरं आहे.

काठी पुन्हा उभी करायच्या आदल्या दिवशी दादानं फोन केला. बैठकीला पाणी जायला भोक पाडायचं, ते कुठं पाडू? मी सांगितलं, उतार असेल तिकडे. तो म्हणाला, तुमची घरं एकाच जागी उभी असतात म्हणून तुम्हांला हे सुचतं; बोट धक्क्याला असते तेव्हा मागे बसते, शिडावर असते तेव्हा कधी डावीकडे कलते, कधी उजवीकडे, आणि उतार रोज वेगळा असतो. मग त्यानं तीन भोकं पाडली, एक मागच्या बाजूला आणि दोन दोन्ही अंगांना. जवारीचा दाणा अडकणार नाही एवढी मोठी पाड, असं मी म्हणालो. बोटीवर जवारी कुठून येणार, असं त्यानं विचारलं, आणि मग वहिनींनी फोन घेऊन सांगितलं की मागच्या खेपेला सोलापूरहून नेलेली कडक भाकरी त्यानं बोटीवरच खाल्ली होती.